राणू बिन गणू, पण कंचा? वंशावळीच्या मागावर कोल्हापुरात पाच दिवस

रविवार

वंशावळीच्या कामासाठी कोल्हापूरला पोचायचं ते रविवारी सकाळी. सरकारी कचेऱ्या २०२० पासून शनिवार-रविवार बंद असतात, म्हणून बरेच जण सोमवारी येतात आणि थेट तहसीलच्या खिडकीत उभे राहतात. तिथला पहिलाच प्रश्न असतो, ‘सर्व्हे नंबर काय?’ आणि तो ठाऊक नसतो. कचेरीच्या आधी गाव करायचं, आणि गावातली माणसं रविवारी निवांत सापडतात.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. सकाळी स्वेटर, दुपारी घाम. स्टँडजवळ मिसळ खाऊन निघालो. इथं मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात आणि कट संपला की न मागता पुन्हा ओततात. गाव भोगावतीच्या काठी. रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यामुळे पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागला.

काम असं होतं: एका घराण्याची वंशावळ पाच पिढ्या मागे न्यायची. हाताशी काय? आजोबा बापू, १९७४ साली मयत. त्यांचे वडील राणू. राणूचा बाप ‘गणू असावा’. त्यापुढं अंधार. भावकी सोळा-सतरा घरांची, पण कोण कुणाचा कोण लागतो हे विचारलं की प्रत्येक घरात वेगळं उत्तर.

जुनी माणसं देवळात भेटतील असं वाटत होतं, पण या दिवसांत ती गुऱ्हाळावर असतात. तिथं ऊब असते. काहिलीत रस उकळत होता, जळव्या चुलवाणात चिपाडं सारत होता आणि गुळव्या मळी काढत काढतच बोलत होता. पुढ्यात आली ती काकवी आणि भाजक्या शेंगा. एक आदण निघायला दोन-अडीच तास लागतात, तेवढ्या वेळात अर्ध्या गावाची नाती कानावर पडतात. राणूचं नाव काढल्यावर मात्र कुणी काही बोलेना. शेवटी कडेला बसलेल्या, नव्वदीच्या घरातल्या एका आज्जींनी विचारलं, ‘‘राणू? कंचा राणू? हिरीवरचा का वड्याकडचा?’’

पाच दिवसांत यापेक्षा कामाचं वाक्य ऐकायला मिळालं नाही. आज्जींनी माणूस ओळखला तो रानावरून. मराठी घरात नातवाला आज्याचं नाव ठेवतात, चुलत आज्या नुकताच गेला असेल तर त्याचंही ठेवतात. त्यामुळे राणूचा गणू, गणूचा राणू अशी साखळी फिरत राहते आणि एकाच भावकीत एका वेळी एकाच नावाचे दोन-तीन बाप्ये नांदतात. नावाच्या मागं गेलं तर चकवा लागतो. जमीन मात्र जागची हलत नाही.

तेव्हा गावात विचारायचं ते नाव विचारून झाल्यावर रान विचारायचं: विहिरीवरचं, ओढ्याकडचं, माळावरचं, मळीचं, गावंदरीचं. बायकोचं माहेर विचारायचं. मृत्यूचं साल कुणी सांगत नाही, पण ‘कोयनेच्या भूकंपाच्या आधी गेले का नंतर?’ असं विचारलं की लगेच उत्तर येतं. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तसाच बहात्तरचा दुष्काळ, आणि त्याहून जुन्यासाठी १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. कोऱ्या कागदावर प्रत्येक नावापुढं हे लिहीत जायचं आणि सांगणाऱ्याचं नावही टिपायचं, कारण दोन म्हातारे एकच गोष्ट सांगतात तेव्हा बहुतेक वेळा एकानं ती दुसऱ्याकडूनच ऐकलेली असते.

सोमवार

तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचा तो गाव नमुना १४. कागदोपत्री जन्ममृत्यूची नोंदवही, पण तिथं सगळे तिला कोतवाल बुकच म्हणतात. गावचा कोतवाल घरोघरच्या बातम्या आणायचा आणि कुलकर्णी, पुढं तलाठी, त्या वहीत उतरवून घ्यायचा. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, त्यामुळे त्या सुमाराला अक्षर आणि नोंदीची तऱ्हा बदललेली दिसली तर वही दुसऱ्या गावची आहे असं समजू नये. नाव तोंडून जसं आलं तसं कागदावर पडलंय. राणू, राण्या, राणबा हा एकच माणूस असू शकतो आणि तीन वेगळेही.

या वहीत नवशिका हमखास दोन ठिकाणी अडतो. जन्माच्या बाजूला तो मुलाचं नाव शोधत बसतो. नोंद बारशाच्या आधीच पडायची, त्यामुळे तिथं बापाचं नाव ‘गणू बिन राणू’ आणि पुढं ‘मुलगा’ एवढंच असतं. म्हणजे बापाचं नाव धरून, अंदाजे सालाच्या दोन्ही बाजूंची चार-पाच वर्षं पानन् पान बघायची. दुसरी अडचण मृत्यूच्या बाजूची: वयं. साठ, पन्नास, पंचेचाळीस. सगळी पाचाच्या पटीत, कारण ती अंदाजानं सांगितलेली. वहीतल्या वयाला पाच-सात वर्षं इकडंतिकडं धरूनच चालायचं.

१९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं आली की वाचणाऱ्याचा वेग आपोआप कमी होतो. कारणाच्या रकान्यात ताप, खाली ताप, त्याखाली पुन्हा ताप. एकेका घरातली तीन-तीन नावं एका आठवड्यात. माग काढताना याचा अर्थ असा की त्या सालानंतर बाप-लेकाची साखळी तुटून जमीन थेट आज्याकडून नातवाकडं किंवा चुलत्याकडं गेलेली असू शकते. वारस फेरफारात, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढल्याच्या नोंदीत, चुलता दिसला की बऱ्याचदा कारण हेच.

राणू बिन गणू सापडला. एक नाही, दोन. एक १९३८ साली मयत, वय ६०. दुसरा १९४० साली मयत, वय ४५. गाव तेच, जात तीच, आडनाव तेच.

आता फेरफार. गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची वही आणि ६-क म्हणजे वारस प्रकरणांची. स्कॅन झालेले जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात का ते घरूनच बघून यावं, दिसले तर अर्धा दिवस वाचतो, पण सगळ्या गावांचे असतीलच असं नाही. इथं १९४१ ची वारस नोंद मिळाली. मजकूर साधारण असा: राणू बिन गणू हा सुमारे एक वर्षापूर्वी मयत, वारस मुलगे बापू व सखाराम, दोघे अज्ञान, अ.पा.क. आई ताराबाई कोम राणू. सर्व्हे नंबर ११२.

एवढ्या दोन ओळींत पाच नाती आहेत, फक्त खुणा ओळखता यायला हव्यात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. मुसलमान घराण्यांच्या नोंदीत तिथं ‘वलद’ येतं. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, काही कागदांत ‘भ्रतार’ असा शब्द वापरून नवऱ्याचं नाव देतात. ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेला, आणि अ.पा.क. म्हणजे त्याचा पालनकर्ता. पालनकर्ता बहुधा आई असते, पण चुलता किंवा मामाही असतो. मामा असेल तर आईचं माहेर आयतंच हाती लागतं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे फार फसवं. सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचं नाव आणि पुढं ए.कु.मॅ. असेल तर धाकटे भाऊ नव्हते असं नाही. ते त्या तीन अक्षरांत दडलेले असतात. ही अक्षरं न वाचता वंशावळ काढली की अख्खी शाखा गळते.

बापूंच्या १९७४ नंतरच्या वारस फेरफारात तीन मुली आल्या, प्रत्येकीच्या नवऱ्याच्या नावासकट. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली वारसांत लिहाव्या लागल्या, म्हणून त्या अलीकडचे फेरफार लेकीबाळींसाठी सोन्यासारखे. त्याआधी मुलगी दिसते ती बहुतेक मुलगा नसला तरच. पाठोपाठ हक्कसोडपत्राचा फेरफार असेल तर तोही घ्यायचा; त्यात बहिणींची सासरची गावं असतात.

मुलं अज्ञान, मृत्यू वर्षभरापूर्वीचा, म्हणजे आपला राणू १९४० चा. जुळतंय खरं. पण जुळणं निराळं आणि सिद्ध होणं निराळं. दुसरा राणू कोण हे कळल्याशिवाय पहिल्यावर बोट ठेवता येत नाही.

संध्याकाळी नकला हातात पडल्या. मृत्यूच्या नोंदीत ‘रामू बिन गणू’. वहीत ‘णू’ स्पष्ट होता, नकल उतरवणाऱ्याला तो ‘मू’ दिसला. सही-शिक्का झालेली नकल दुरुस्त करायची म्हणजे नवा अर्ज, आणि त्यात दोन दिवस गेले. खिडकी सोडायच्या आधी नकल मूळ नोंदीशी अक्षरन् अक्षर ताडून घ्यायची आणि वहीचं साल, पान व अनुक्रमांक आपल्याकडं वेगळा टिपून ठेवायचा. पुढं कुणी हरकत घेतली तर तो क्रमांकच उपयोगी पडतो. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी हे करत असाल तर एका अक्षराच्या फरकावर प्रकरण अडकतं.

रात्री गंगावेशेत दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोर बांधलेली, धार थेट भांड्यात, आणि फेसाळ गरम पेला हातात. दिवसभर जुन्या कागदाची धूळ नाकातोंडात गेली असेल तर यासारखा उतारा नाही.

मंगळवार

सातबाऱ्यावर असतो तो गट नंबर, जुन्या फेरफारांत असतो तो सर्व्हे नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव जमिनींची गटवारी झाली आणि जुने नंबर बदलले. कुठला सर्व्हे कुठल्या गटात गेला हे सांगणारा कागद म्हणजे एकत्रीकरणाचा जबाब, आणि तो भूमी अभिलेखाच्या कचेरीत मिळतो. त्याच्याशिवाय पुढं सरकायचं म्हणजे खालच्या दोन पायऱ्या नसलेला जिना चढायचा.

त्या जबाबाबरोबर शेतवार पत्रक मागायचं. त्यात दर नंबरापुढं त्या वेळच्या खातेदाराचं नाव असतं, बापाच्या नावासकट. इथं सर्व्हे ११२ पुढं गणू बिन राणू. दुसऱ्या राणूच्या वारसांचा फेरफार शोधला तर त्यांची जमीन सर्व्हे ८७, आणि ८७ पुढं शेतवार पत्रकात गणू बिन येसू.

म्हणजे गणूही दोन होते. एक राणूचा, एक येसूचा.

गावचा नकाशा टेबलावर पसरला. ११२ मध्ये विहिरीची खूण. ८७ च्या एका अंगानं ओढा वळसा घेऊन गेलेला. हिरीवरचा आणि वड्याकडचा. आज्जींना शाळेचं तोंड ठाऊक नसेल, पण त्यांनी सांगितलेली खूण मोजणीच्या नकाशाशी तंतोतंत जुळली. कचेरीतल्या निवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्यानंही नकाशा स्वतःकडं फिरवून घेतला आणि म्हणाला, ‘‘म्हातारीला जपा पावणं. आमचा नकाशा झिजतोय, तिचा न्हाई.’’

दुपारी गावची प्राथमिक शाळा. जनरल रजिस्टरातून मिळतं ते मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ आणि शाळा सोडल्याचं कारण. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, त्यामुळे इथं बऱ्यापैकी जुनी रजिस्टरं मिळण्याची आशा धरायला हरकत नसते. जन्मतारखेवर मात्र भिस्त ठेवू नये. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजींना वयाचा हिशेब सोपा जायचा.

बुधवार

पुरालेखागारात जायचा दिवस. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची कोल्हापुरात शाखा आहे आणि करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानचं दप्तर तिथं. ओळखपत्र, अर्ज आणि अर्जात नेमकं काम. ‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ असं लिहिलं तर कुणालाच मदत करता येत नाही. ‘अमुक पेटा, तमुक मौजे, पाटीलकी वतनाचे कागद, साधारण १८७० ते १८९०’ असं लिहिलं तर सूचीतून रुमाल निघतो. पेटा म्हणजे संस्थानातला तालुका. रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. आत पुडकी, पुडक्यात सुटे कागद. त्यांचा क्रम बिघडवायचा नाही, शिसपेन वापरायची, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. तिसरी गोष्ट सांगावी लागते, कारण सवय जात नाही.

त्याआधी आपलं गाव कुठल्या राज्यात होतं ते ठरवा. आजचा कोल्हापूर जिल्हा आणि जुनं संस्थान हे एकावर एक बसत नाहीत. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी या जहागिऱ्या होत्या आणि आजरा इचलकरंजीकडं. कुरुंदवाड पटवर्धनांचं, वेगळंच संस्थान. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात. उलट रायबाग करवीर संस्थानात होतं आणि १९४९ च्या विलीनीकरणानंतर बेळगावला गेलं. चंदगडच्या माणसानं संस्थानच्या दप्तरात आठवडा घालवला तरी हाती काही लागायचं नाही, यात दप्तराचा दोष काय?

मोडी. चार दिवसांच्या वर्गानं अक्षरओळख होते, वाचन होत नाही. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता रेघेखाली लिहीत जायचा. दोन शब्दांत फट नाही, विराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘राणूबिनसुभानापाटील’ हे एकच लांब वेटोळं दिसतं. त्यात ‘बिन’ पूर्ण लिहिलेलं असेल तर नशीब, बहुधा नुसतं ‘बि’ आणि पुढं दोन दंड. तसंच ‘मौ’ म्हणजे मौजे, ‘क’ म्हणजे कसबे, ‘प’ म्हणजे परगणे. घराण्याचं काम असेल तर आधी आपल्या गावाचं नाव आणि घराण्यातली चार नावं मोडीत कशी दिसतात ती कागदावर गिरवून घ्यायची, आणि पानात तेवढे आकार शोधायचे. एखादी नोंद कामाची वाटली की अधिकृत वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यायचं. २०२३ साली न्या. शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही, त्यामुळे वेळ आधी ठरवून या.

तारखांचा घोळ मोडीपेक्षा मोठा. इसवी साल काढायला शकात जानेवारीपूर्वीच्या तारखेसाठी ७८ मिळवायचे, त्यानंतर फाल्गुन अखेरपर्यंत ७९. फसली, म्हणजे महसुली, साल मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. त्यात डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढच्या जूनपर्यंत ५९१. सुहूर सनही मृगाचाच, त्यात ५९९ किंवा ६००. सुहूर आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो आणि एककापासून वाचायचा. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७३, म्हणजे इसवी १७७२-७३. एका वर्षाच्या फरकानं बाप लेकाच्या नंतर जन्मलेला दिसतो, आणि मग लोक कागद खोटा ठरवतात.

दुपारी तीनच्या सुमाराला हवा तो कागद निघाला. फसली १२९०, म्हणजे १८८०-८१. गावच्या पाटीलकीच्या तक्षिमांची यादी. वतनात जितके वाटे तितक्या तक्षिमा, आणि वाटे पडतात ते भावाभावांत. म्हणून तक्षिमांची यादी म्हणजे कुणी मुद्दाम न काढलेली वंशावळच असते. पहिली तक्षीम राणू बिन सुभाना. दुसरी येसू बिन सुभाना. तिसऱ्या ओळीत बाळू बिन सुभाना, आणि त्यापुढं ‘परगांवी’ एवढाच शेरा.

जोडून बघितलं. सुभानाला तीन मुलगे: राणू, येसू, बाळू. राणूचा गणू, त्याचा राणू, म्हणजे हिरीवरचा, १९४० साली मयत, बापूंचा बाप. येसूचा गणू, त्याचा राणू, वड्याकडचा, १९३८ साली मयत. दोन्ही गणू सख्खे चुलतभाऊ, दोन्ही राणू एक पिढी लांबचे. वड्याकडच्या राणूला नाव मिळालं ते चुलत आज्याचं.

वतनाचे याहून जुने कागद निघाले तर त्यात महजर आणि करीना हे शब्द शोधा. महजर म्हणजे गोतसभेपुढं साक्षीदारांसह झालेला निवाडा आणि करीना म्हणजे वादातल्या एकेका पक्षानं मांडलेली घराण्याची हकिगत. भांडण जितकं कडू तितक्या पिढ्या जास्त, कारण दोन्ही बाजू आपापला मूळपुरुष गाठूनच बोलायला सुरुवात करतात. फक्त करीन्यातली वंशावळ ही एका पक्षाची बाजू असते. समोरच्याचा करीना त्याच रुमालात असेल तर तो वाचल्याशिवाय उठायचं नाही.

एक खटकलं. कोतवाल बुकातल्या वयांवरून मागं मोजत गेलं तर वड्याकडचा राणू साधारण १८७८ चा, हिरीवरचा १८९५ चा. एका पिढीत सतरा वर्षांचं अंतर. म्हणजे येसूची शाखा वयानं थोरली दिसते, आणि पहिली तक्षीम तर राणूची.

बुधवार म्हणजे मटणाचा वार. तांबडा-पांढरा समोर आला तरी डोक्यात तेच चाललं होतं. पांढरा आधी प्यावा, गार झाला की त्यात राम नाही.

गुरुवार

निपाणीच्या रस्त्यानं सीमेलगतच्या एका गावात हेळव्यांचा मुक्काम पडलाय असं गुऱ्हाळावरच कळलं होतं. हेळवी ही घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी जमात, उत्तर कर्नाटक आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या पट्ट्यात फिरणारी. पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत दारात यायचे; आता मोटारसायकलही दिसते. प्रत्येकाची गावं आणि कुळं ठरलेली. सुगी झाली की यायचं, यजमानाच्या अंगणात बसून मूळपुरुषापासून पिढ्या म्हणायच्या, मागच्या खेपेनंतर जन्मलेल्यांची नावं वहीत चढवायची आणि धान्य-कापड घेऊन पुढच्या दारी जायचं.

भेटलेले हेळवी साठीचे. कानडी वळणाची मराठी. त्यांना नाव सांगितलं तर नुसते बघत राहिले. मग गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, कुलदैवत जोतिबा सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि एका सुरात पिढ्या ओघळायला लागल्या. मधे थांबवायचं नसतं. थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि ते साहजिकच चिडतात. म्हणताना लिहून घ्यायचा नाद सोडून द्यावा, परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज भरून घ्यावा, म्हणून झाल्यावर वही बघायला मागावी. वही हातात मिळेलच असं नाही. ती त्यांची भाकरी आहे.

सुभाना आला. राणू, येसू, बाळू तिघे आले. पण क्रम वेगळा: येसू थोरला, राणू मधला.

तक्षिमांच्या यादीत राणू पहिला आहे म्हटल्यावर ते हसले. ‘‘वयानं येसूच मोठा. पण त्यो पाटाच्या बायकोचा. राणू लग्नाच्या बायकोचा. वतनात मान त्येचा.’’

दोन्ही कागद खरे होते तर. वय कोतवाल बुकात, मान तक्षिमेत, आणि दोन्हींतला दुवा फक्त हेळव्याच्या तोंडी. हे वंशावळीत कसं लिहायचं? पाटाची बायको, म्हणजे पुनर्विवाहानं आलेली, हा शब्द आजच्या घरात टोचतो. सुभानाच्या दोन रेघा काढून खाली ‘हेळवी वाचनानुसार’ एवढी टीप घालायची आणि क्रम वयाचा की मानाचा ते स्पष्ट लिहायचं, हे बरं. सरकारी कामासाठी शपथपत्र करायचं असेल तर त्यात मात्र कागदानं सिद्ध होणारं तेवढंच. हेळव्याच्या वहीला आधार म्हणून जोडता येतं, पण तिच्या एकटीच्या जिवावर प्रकरण उभं करू नये.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच उपयोगी, पण त्यांची तऱ्हा वेगळी. घरातला कुणी तिथं गेला असेल तरच नोंद, आणि असेल तर ती त्यानं स्वतः सांगितलेली. हेळवी उलट दारी येतो, त्यामुळे न फिरलेल्या घराण्याची साखळीही त्याच्याकडं असते. चुकतो तो दत्तकात. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याकडंही राहतो आणि दत्तक घराकडंही, आणि म्हणताना तो दोनदा येतो. नोंदवलेलं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडं शोधून ही गाठ सोडवायची.

बाळूचं काय झालं ते विचारलं. ‘परगांवी’ म्हणजे रायबागच्या बाजूला, बायकोच्या माहेरी घरजावई. तिथली कुळं त्यांच्या चुलतभावाकडं, आणि तो जानेवारीत इकडं येतो. म्हणजे बाळूच्या शाखेचे १९४९ च्या आधीचे कागद पुन्हा संस्थानच्या दप्तरात बघायचे, नंतरचे बेळगाव जिल्ह्यात, आणि तिथल्या नोंदी कानडीत असणार हे धरून वाचणारा बरोबर न्यायचा.

हेळव्यांना जोंधळा आणि लुगडं देण्याची रीत. पैसे दिले तर घेतात, पण आधी धान्य द्यावं. निघताना त्यांनीच थांबवलं, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, ‘‘बापूच्या वंशात आता बारकं कोण हाय? नावं सांगा.’’